एवढी लांब, एवढी रुंद

दुसऱ्यांचे तराजू खरं बोलतात की खोटं, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेत मी वजनं आणि मापं तपासतो. औषध कंपन्यांच्या तराजूंपासून बेकरीच्या थर्मामीटरपर्यंत सगळे आमच्याकडे येतात, आणि मी त्यांना प्रमाणपत्र देतो किंवा देत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं नाही. अज्ञानी माणसाला लोक माफ करतात. मला ती सवलत नव्हती.

सावनीताईचं बाळंतपण नऊ आठवड्यांवर आलं होतं. आईचं तिकीट काढून झालं होतं, डिंकाचे लाडू सोडून बाकी बॅगही भरून झाली होती, आणि त्याच आठवड्यात आई कऱ्हाडला घराच्या पायरीवरून घसरली. गुडघ्याची वाटी मोडली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने प्रवासाचं नाव काढायचं नाही. ही बातमी आईने आम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर हसत हसत सांगितली. ताईनेही अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या रेडमंडहून ती हसत हसत ऐकली. म्हणाली, "अगं, मॅनेज करू आम्ही. श्रीराम आहे ना." श्रीराम म्हणजे तिचा नवरा. तो त्या वेळी मागे बसून बाळाचा पाळणा उलटा जोडत होता. मग तिघांचेही कॅमेरे एकदम बंद झाले. आमच्या घरात रडायची वेळ आली की नेटवर्क जातं.

दुसऱ्या दिवशी आईचा मला एकट्याला फोन आला.

"अंकू, गोधडी राहिली."

आमच्याकडे जन्मलेलं प्रत्येक बाळ घरातली पहिली रात्र आईच्या जुन्या साड्यांच्या गोधडीवर झोपतं. ताई झोपली, मी झोपलो, मामाची तिन्ही पोरं झोपली. यामागे काय शास्त्र आहे, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, "झोप लागते, हे शास्त्र आहे."

"मला खाली बसता येत नाही," आई म्हणाली. "तू शिव."

"मी?"

"तुझा हात स्थिर आहे. लहानपणी रांगोळीचे ठिपके पट्टीने मोजून काढायचास. सावनीला मी तिथे नसले तरी गोधडी तरी असू दे."

शेवटच्या वाक्यावर नेटवर्क जाईल असं वाटलं, म्हणून मी घाईने विचारलं, "किती मोठी करायची?"

आईने दोन्ही हात पसरले. "एवढी लांब." मग थोडे जवळ आणले. "एवढी रुंद."

"सेंटिमीटरमध्ये सांग ना."

"एवढी म्हणजे एवढी. बाळ झोपेल एवढी."

इथे एखाद्या सामान्य माणसाने अंदाज केला असता. मी स्क्रीनचे दोन फोटो काढले. आईच्या मागे फळीवर पोह्यांचा स्टीलचा डबा दिसत होता, आणि त्याचा जुळा भाऊ माझ्या जर्सी सिटीच्या किचनमध्ये आहे. तो मी कॅलिपरने मोजला. फोटोतला डबा आणि फोटोतले हात यांचं गुणोत्तर काढलं. उत्तर आलं : लांबी एकशे सत्त्याऐंशी सेंटिमीटर, रुंदी एकशे चौतीस. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. बाळासाठी हे जरा जास्त वाटलं, पण आकडा समोर असताना वाटण्याला किंमत देऊ नये, असं आमच्या क्षेत्रात शिकवतात.

साड्या आणल्या मनोहरकाका आणि विनीताकाकूंनी. हे दोघे आमच्याच बिल्डिंगमध्ये नवव्या मजल्यावर राहणाऱ्या प्रसादचे आईवडील. कऱ्हाडचेच. मुलाकडे सहा महिन्यांसाठी येत होते. त्यांनी आपल्या बॅगेतलं एक मसाल्याचं पुडकं काढून त्या जागी आमच्या चार सुती साड्या बसवल्या होत्या. परदेशात बॅगेतली जागा देणारा माणूस त्या वस्तूत भागीदार होतो, हा अलिखित कायदा आहे. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. प्रसाद ऑफिसला गेला की त्यांना दिवसभर बांधायला काही नसायचं. त्या दिवसापासून ते माझ्या गोधडीचे कार्यकारी अभियंता झाले.

पिशवी उघडली आणि आईच्या ट्रंकेचा तो ओळखीचा वास आला. निळ्या ठिपक्यांची पांढरी साडी, हिरवी इरकल, राखाडी चौकड्याची, आणि एक इतकी जुनी की तिचा रंग कोणता होता हे आईनेच सांगावं. मी त्यांच्यावर नाक ठेवून बराच वेळ बसलो. हे निरीक्षण होतं असं मी काकांना सांगितलं.

"वरचं कापड नवं घे," काका म्हणाले. "पहिलं बाळ आहे. त्याला काय सगळं जुनंच?"

"अहो, नवं टोचतं," काकू म्हणाल्या. "गोधडी जुन्याचीच असते."

"तू थांब गं. अंकुर, आयसेलिनला जाऊ."

आम्ही आयसेलिनला गेलो, ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात पाच दुकानं पालथी घातली आणि लालभडक सुती कापड घेऊन आलो. मग बाळाच्या आरोग्याचा विचार करून मी नवं कापड आणि जुन्या साड्या एकत्र, गरम पाण्यात, बिल्डिंगच्या मशीनमध्ये टाकल्या. काळजी म्हणून दोनदा.

लाल रंग ही काय चीज आहे, याची मला रसायनशास्त्राच्या पदवीत कल्पना आली नव्हती. मशीनचं झाकण उघडलं तेव्हा पांढरी साडी गुलाबी झाली होती, राखाडी जांभळट झाली होती आणि हिरव्या इरकलीने एक असा रंग धारण केला होता ज्याला नाव नाही. शेजारच्या मशीनमधून कपडे काढणारा माणूस माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता. त्याच वेळी खिशातला फोन वाजला. ताईचा मेसेज होता. "अंकू, एक सांगायचं राहिलं. साड्या धुऊ नकोस हं. आईचा वास राहू दे."

मी साड्या नाकाला लावल्या. लव्हेंडरचा वास येत होता. साबणाच्या खोक्यावर लिहिलेलंच होतं तसं.

मी उत्तर पाठवलं, "ओके." शास्त्रीयदृष्ट्या हे खोटं नव्हतं. मेसेज पोचला एवढंच त्यात म्हटलं होतं. पण त्या 'ओके'ने पुढचे सहा आठवडे माझ्या पोटात घर केलं.

साड्या वाळत घालायला बाल्कनीशिवाय जागा नव्हती. सहाव्या मजल्यावरून सोडलेली साडी चौथ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जाते, हे मी मोजून सांगू शकतो. तासाभरात बिल्डिंगच्या ऑफिसातून ईमेल आलं : परवानगीशिवाय बाहेर बॅनर लावता येत नाही. सोबत अर्ज होता. बॅनरचा आकार, उद्देश, आणि त्यावरचा मजकूर. मी प्रामाणिकपणे भरला. आकार : साडेपाच मीटर. उद्देश : वाळणे. मजकूर : निळे ठिपके, आता जांभळे. अर्ज नामंजूर झाला, पण कारण दिलेलं नव्हतं. माझ्या मते त्यांना मजकूर कळला नाही.

आईला गुलाबी साड्या दाखवल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नवं कापड कोणी सांगितलं?" काका एकदम खिडकीबाहेरची हडसन नदी बघू लागले. "ते काढून टाक. नव्याला काही आठवत नसतं." लाल कापड काढलं.

आता थर पसरायला सपाट, मोठी जमीन हवी होती. माझ्या घरात सोफा हलवला तर बेडरूमचं दार उघडत नाही. बिल्डिंगची कम्युनिटी रूम बुक करायला गेलो तर फॉर्ममध्ये तीनच पर्याय : पार्टी, मीटिंग, योगा. जमिनीवर बसून करायचं म्हणून मी योगावर खूण केली. हे बुकिंग सगळ्यांना कॅलेंडरवर दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी मी आणि काका साड्यांचे थर लावून चारी कोपरे जड पुस्तकांनी दाबत होतो, तेवढ्यात तीन माणसं बगलेत मॅट घेऊन आली.

दोघं परत गेली. तिसऱ्या बाई थांबल्या. सत्तरीच्या, उंच, शाळेतून निवृत्त झालेल्या. नाव लोरेटा.

"हनी, हा योगा नाही," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. आईचा गुडघा, ताई, पहिली रात्र. त्यांनी मॅट कोपऱ्यात टाकली आणि खाली बसल्या. "माझी आजी पिठाच्या पोत्यांच्या शिवायची. अलाबामात. मध्ये कापूस घालणार ना?"

"नाही. आत पण साड्याच."

"म्हणजे आई सगळीकडून," लोरेटा म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवला.

मी आराखडा केला होता : सहा मिलिमीटरचा टाका, ओळींमध्ये एक सेंटिमीटर, एकूण बेचाळीस हजार टाके. मिनिटाला बारा धरले तर अठ्ठावन्न तास. पहिल्या तासात माझे एकतीस टाके झाले. त्यातले नऊ माझ्या पॅन्टला होते. उठलो तेव्हा गोधडीही माझ्याबरोबर उठली.

"टाका तांदळाएवढा घाल," आई फोनवरून म्हणाली. "दोन ओळींत दोन बोटं सोड. आणि मोजू नकोस रे, शिव."

तेव्हापासून दर शनिवार-रविवार सकाळी कम्युनिटी रूममध्ये आमचा योगा चाले. विनीताकाकूंना इंग्रजी येत नव्हतं, लोरेटांना मराठी. तरी दोघी एका कडेला बसून तासभर बोलायच्या. एक जण टाका दाखवायची, दुसरी मान हलवायची. कधी कधी दोघी माझ्या ओळीकडे बघून एकदम हसायच्या, आणि ते हसणं मात्र मला दोन्ही भाषांत कळायचं. काका दोरा कापून देत आणि देखरेख करत. "अंकुर, लाइन डावीकडे जातेय. कॅनॉल असता तर गाव बुडालं असतं."

एकदा काकू म्हणाल्या, "ही जरा मोठी नाही का होत, लेकराच्या मानाने?"

मी त्यांना डब्याचं गणित कागदावर मांडून दाखवलं. काकांनी चष्मा लावून तपासलं. "आकडेमोड बरोबर आहे."

"मला काय," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोघं शिकलेले."

आईने गोधडी पूर्ण अशी पाहिलीच नव्हती. कॉलवर फोन नेहमी काकांच्या हातात, आणि काकांच्या हातात फोन दिला की जगातली प्रत्येक वस्तू एका वितीवर येते. तिला फक्त टाके दिसत. पाचव्या आठवड्यात शेवटच्या चार ओळी राहिल्या, तेव्हा काका खुर्चीवर उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा सबंध गोधडी दाखवली.

पलीकडे आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. मला वाटलं, आई भारावली.

"अंकू, ही सावनीच्या बाळासाठीच आहे ना?"

"हो."

"किती बाळं आहेत?"

मी गणित सांगितलं. फोटो, डबा, गुणोत्तर.

"अरे, पण डबा मागे फळीवर होता," आई म्हणाली. "मी पुढे होते."

लांबची वस्तू लहान दिसते, हे तिसरीतल्या मुलाला कळतं. डबा कॅमेऱ्यापासून आईच्या दुप्पट अंतरावर होता, म्हणून आईचे हात माझ्या हिशेबात दुप्पट झाले होते. शिवाय माझी आई चार फूट अकरा इंच आहे. तिने हात पसरले तर ते एकशे सत्त्याऐंशी सेंटिमीटर कसे भरतील, हा प्रश्न मला, प्रमाणित मापनतज्ज्ञाला, पाच आठवड्यांत एकदाही पडला नव्हता. काका खुर्चीवरून सावकाश उतरले. काकूंनी फक्त लोरेटांकडे बघून दोन्ही हात पसरले, आणि लोरेटा हसून हसून मॅटवर आडव्या झाल्या. योगा झाला तो तेवढाच.

"कापून लहान करू?" मी विचारलं.

"छे! शिवलेल्या गोधडीला कात्री लावत नाहीत. राहू दे. शेवटचा कोपरा तेवढा उघडा ठेव. तो सावनीच्या घरी शिवायचा, घास घालून."

घास म्हणजे तांदळाचे चार दाणे. गोधडीचं पोट रिकामं ठेवून शिवू नये, नाहीतर तिच्यावर झोपणारं उपाशी राहतं, ही आमच्या घरची समजूत.

"आई, धान्य आत राहिलं तर दमट हवेत कीड होते. रेडमंडला सारखा पाऊस असतो. त्याऐवजी सिलिका जेलची पुडी घालू का? लॅबमध्ये भरपूर आहेत. ओलावा शोषून घेते."

"त्या बुटांच्या खोक्यात असते ती?"

"हो, तीच."

"तिच्यावर काय लिहिलेलं असतं?"

"अक्षर फार बारीक असतं."

"सांग ना."

"'खाऊ नये'."

"गोधडीला घास द्यायचा, आणि घासावर लिहायचं खाऊ नये," आई म्हणाली. "शिकलास रे बाबा."

तांदूळ ठरले.

बाळ दहा दिवस आधी आलं. मंगळवारी सकाळी श्रीरामचा फोन : मुलगी, दोघी छान. मी गुरुवारी सकाळचं तिकीट काढलं, कारण त्याच दिवशी त्या दवाखान्यातून घरी येणार होत्या. बुधवारी लवकर घरी येऊन, काकूंना शेजारी बसवून, उरलेली दीड ओळ पूर्ण केली. सामान आवरायला घेतलं आणि सुया मोजल्या.

पाकिटात दहा सुया होत्या. दोन मोडल्या होत्या, त्यांचे तुकडे मी काडेपेटीत जपून ठेवले होते. राहिल्या आठ. डबीत सात होत्या.

मी पुन्हा मोजल्या. काकूंनी मोजल्या. काकांना बोलावलं, त्यांनी मोजल्या. सात.

एकशे चौतीस सेंटिमीटर रुंदीच्या, सहा थरांच्या, दोन दिवसांच्या बाळाच्या गोधडीत एक सुई. आम्ही गोधडी पलंगावर पसरली आणि तिघांनी वितीवितीने चाचपली. लोरेटा आपला टाचण्या उचलायचा लोहचुंबक घेऊन धावत वर आल्या. मी दोन्ही बाजूंनी तो फिरवला. काही लागलं नाही.

"नाही म्हणजे नाही," काका म्हणाले.

"नाही सापडली म्हणजे नाही, असं होत नाही, काका. आडव्या सुईला सहा थरांतून हा चुंबक ओढेल की नाही, हे कुठे तपासलंय?"

आईला फोन लावला. मला वाटलं ती म्हणेल, काही होत नाही. ती तसं म्हणाली नाही.

"सापडली नाही तर देऊ नकोस," आई म्हणाली. "कपाटात ठेव. बाळ चादरीवर झोपेल. चालतं." मग म्हणाली, "सावनीला मी सांगते." आणि नेटवर्क गेलं.

मी पलंगाच्या कडेला बसलो. समोर ती भलीमोठी, चुकीच्या मापाची, चुकीच्या रंगाची, चुकीच्या वासाची गोधडी, आणि आता तीही द्यायची नाही. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काका येरझारा घालत होते. अचानक थांबले.

"अंकुर! विमानतळावर एक्स-रे असतो!"

त्यांच्या सगळ्या सल्ल्यांमधला हा एकच असा निघाला, की ज्यासाठी मी त्यांना जन्मभर नमस्कार करीन.

लाल कापडात बांधलेलं गाठोडं पट्ट्यावर ठेवताना मी सुरक्षा तपासणीच्या बाईंना म्हणालो, "प्लीज, यात सुई आहे का, ते जरा नीट बघाल?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "तुम्ही काय म्हणालात?"

विमानतळावर प्रामाणिक माणसाला वेळ फार लागतो. मला बाजूला घेतलं. दुसरे अधिकारी आले. मी आईचा गुडघा, ताई, पहिली रात्र, डबा आणि गुणोत्तर, सगळं सांगितलं. डबा सांगायची गरज नव्हती. मागे रांग वाढत होती. अधिकाऱ्यांनी गोधडी एक्स-रेमधून घातली. "थर जास्त झाले तर दिसणार नाही, एक घडी उलगडून पुन्हा घालता का?" असं मी विचारलं. रांगेतला कोणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. बाईंनी घडी उलगडली, पुन्हा घातली, पडद्यावर वाकून बघितलं.

"क्लीन," त्या म्हणाल्या. "तुमच्या गोधडीत दोऱ्याशिवाय काही नाही."

"नक्की?"

"सर, मलाही नातवंडं आहेत."

मी माणसं तपासायच्या यंत्रात जाऊन हात वर करून उभा राहिलो. पडद्यावर माझ्या आकृतीच्या छातीवर डाव्या बाजूला पिवळा चौकोन उमटला.

अधिकाऱ्याने हातमोजा घालून माझ्या कालपासून अंगात असलेल्या जाड फ्लॅनेलच्या शर्टाच्या खिशाची पट्टी उलटली. आतल्या बाजूला, कापडात दोनदा आतबाहेर करून नीट खोचलेली, आठवी सुई.

आई दोरा कापताना सुई नेहमी डाव्या खांद्यावर पदरात खोचते. लहानपणी आम्ही तिला बिलगायला गेलो की ती आधी खांद्यावर हात नेऊन बघायची, सुई नाही ना, आणि मग जवळ घ्यायची. मला पदर नाही, म्हणून माझ्या हाताने खिसा शोधला होता. तो मला विचारायला थांबला नव्हता. सहा आठवडे मी आईकडून टाका शिकत होतो, आणि जे तिने शिकवलंच नव्हतं तेवढं मात्र मला बिनचूक आलं होतं.

सुया नेता येतात. बाईंनी ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "हरवू नका."

रेडमंडला पाऊस होता. ताईच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ती सोफ्यावर बसली होती, केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. बाळ तिच्या हातात वळवळत होतं. तीन दिवस ती सलग तासभर झोपली नव्हती, असं श्रीरामने दारातच कुजबुजून सांगितलं. "ठेवलं की रडते. कोण ते विचारू नकोस. दोघी."

मी गाठोडं सोडलं. गोधडी उलगडत गेलो, ती उलगडतच गेली. दिवाणखान्याची जमीन भरली.

"आईऽऽ गं," ताई म्हणाली. "अंकू, हे काय?"

"मापात थोडी गडबड झाली."

तिने एक कोपरा उचलून नाकाला लावला. मी याच क्षणाला सहा आठवडे घाबरत होतो. तिने दुसरा कोपरा लावला. मग माझ्याकडे बघितलं.

"मी साड्या धुतल्या होत्या," मी म्हणालो. "गरम पाण्यात. दोनदा. तुझा मेसेज येण्याआधी. पण मी तुला ओके म्हटलं."

ती रागावली नाही. त्यापेक्षा वाईट झालं. तिची हनुवटी थरथरायला लागली. श्रीरामने घाईने कऱ्हाडला फोन लावला आणि टेबलावर उभा केला. तिकडे पहाट होती, आई चहाचा कप घेऊन बसली होती, पाय उशीवर.

"काय झालं?"

"अंकूने साड्या धुतल्या," ताई लहान मुलीसारखी म्हणाली. "तुझा वास गेला."

"बरं केलं," आई म्हणाली. "ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या. तुम्हाला माझा म्हणून त्याच गोळ्यांचा वास आला असता, आणि बाळाला शिंका."

मी, रसायनशास्त्राचा पदवीधर, डांबरगोळ्यांवर नाक ठेवून डोळे मिटून बसलो होतो. निरीक्षण म्हणून. हे मी त्या वेळी बोललो नाही. ताईला आधी हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू, आणि या वेळी कोणाचंही नेटवर्क गेलं नाही.

मग शेवटचा कोपरा. श्रीरामने तांदळाचे चार दाणे आणले. ताईने ते आत सरकवले. मी आठव्या सुईत दोरा ओवला आणि कोपरा बंद केला. दोरा कापला, सुई खिशाकडे जाताना मध्येच थांबवली आणि मुकाट्याने डबीत टाकली.

"आता ठेव तिला," आई म्हणाली.

ताईने बाळाला गोधडीच्या मधोमध ठेवलं. एवढ्या मोठ्या गोधडीवर ते एवढंसं दिसत होतं, शेतात विसरलेल्या शेंगेसारखं. त्याने तोंड वाकडं केलं. आता रडणार म्हणून ताई पटकन त्याच्या शेजारी आडवी झाली, एक हात त्याच्या पोटावर ठेवून. गाल टेकला तो निळ्या ठिपक्यांवर, म्हणजे आता जांभळ्या. पाय पूर्ण लांब केले तरी गोधडी पायांच्या पुढे उरत होती.

श्रीराम आणि मी हललो नाही. पाऊस खिडकीवर वाजत होता. आई पलीकडून मान वाकडी करून बघण्याचा प्रयत्न करत होती, पण फोन टेबलावर होता आणि गोधडी जमिनीवर.

"झोपली का गं ती?" तिने हळूच विचारलं.

मी फोन उचलला. बाळ टक्क जागं होतं. काळेभोर डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होतं. ताईचं तोंड थोडं उघडं होतं आणि ती बारीक घोरत होती, गोधडीची कड मुठीत धरून.

"बाळ जागं आहे," मी कुजबुजलो. "ताई झोपलीय."

मी फोन खाली धरला. आई कितीतरी वेळ बघत राहिली. तिने कप खाली ठेवला.

"मग माप बरोबर आहे," ती म्हणाली.